उष्ट्याचं माप

आंबटअक्काकडे कुणी पाहुणा आला, की ती त्याच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. तो उठून गेला, की त्याच्या ग्लासाकडे बघायची. तळाशी किती उरलंय ते. उरलेलं ती काचेच्या उभ्या मापात ओतायची, माप डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटायची आणि पाटीवर खडूनं आकडा टाकायची. "तोंड स्तुती करतं," ती म्हणायची, "उष्टं खरं बोलतं." हे वाक्य तिच्या वडिलांचं. पाटीही त्यांचीच.

मी आयुष्यभर तोंडावरच्या स्तुतीवर जगलेला माणूस. चाळीस वर्षं नाटकात काढली, त्यातली निम्मी एकाच भूमिकेत: तिसऱ्या अंकात येऊन अर्ध्या तासात खटला फिरवणारा वकील. कामं मिळेनाशी झाली, तसा या गल्लीत एक खोली घेऊन राहिलो. भिंतीपलीकडे अक्काची पिंपं होती. पहिल्याच दिवशी तिनं मला दारात गाठलं.

"तुम्ही ते वकील ना? मी तुमचं नाटक दोनदा पाहिलंय."

मी सवयीनं मान झुकवली. "एवढं आवडलं?"

"पहिल्यांदा झोप लागली होती."

त्या दिवसापासून मी गल्लीचा वकीलसाहेब झालो आणि ती माझी मैत्रीण.

तिला आंबटअक्का म्हणायचे ते तोंडामुळे नव्हे, धंद्यामुळे. ती आंबट बिअर करायची. बिअर म्हटलं की आपल्याला थंडगार, फेसाळ, घटाघट प्यायचं काहीतरी आठवतं. अक्काची बिअर लाकडी पिंपात दोन-तीन वर्षं निजून राहायची आणि उठायची तेव्हा कच्च्या फळासारखी आंबट झालेली असायची. पहिला घोट घेतला की डोळे आपोआप मिटायचे, कानामागे मुंग्या यायच्या. दुसरा घोट कधी घेतला ते कळायचं नाही.

हे सगळं रस्त्याला लागून असलेल्या एका लांबट खोलीत चाले. पूर्वी तिथं सुताराचं दुकान होतं. खिडकीच्या चौकटीवर त्याच्या करवतीच्या खुणा होत्या. धुतलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून जमीन मधोमध जराशी उतरती. उन्हापासून दूरच्या भिंतीला चार पिंपं लाकडी घोड्यांवर आडवी निजलेली. प्रत्येकाच्या गोल चपट्या तोंडावर, कमरेच्या उंचीवर, एक स्टीलचा खिळा. चव घ्यायची तर वरचं बूच उघडायचं नाही, खिळा पकडीनं ओढायचा. सुईसारखी धार ग्लासात पडते. दोन घोट झाले की खिळा परत ठोकायचा. आत बिअरवर एक पातळ साय धरलेली असते, ती हवेला आत शिरू देत नाही. बूच उघडलं, साय मोडली, की हवा शिरते, आणि हवा शिरली की बिअरचा प्रवास व्हिनेगरच्या दिशेनं सुरू होतो.

एकाच दिवशी, एकाच हंड्यातून भरलेली चार पिंपं तीन वर्षांनी चार सख्ख्या भावंडांसारखी निघतात: नाक एक, स्वभाव चार. एक आंबटढाण. दुसरं नरम, पण आतून पोकळ. तिसऱ्याला फळाच्या सालीचा नि ओल्या लाकडाचा सुरेख वास, पण शेवटी जिभेवर कडू. एकेकट्याला पंक्तीत बसवण्याजोगं कुणीच नाही. म्हणून त्यांचा मेळ घालायचा. याचं इतकं, त्याचं तितकं, असं एकत्र केलं की एकाची खोड दुसऱ्याच्या आड लपते. अक्काचं खरं काम ते. सुई काढलेली औषधाची सिरिंज घेऊन ती ओळीनं छोट्या बाटल्या भरायची. याचे चाळीस, याचे पस्तीस, याचे पंचवीस. मग बेचाळीस, तेहतीस, पंचवीस. सकाळी अकराला चाखायला बसायची, कारण तेव्हा जीभ जागी झालेली असते आणि पोटानं अजून भांडण काढलेलं नसतं. मध्ये मध्ये कोरड्या पावाचा तुकडा आणि पाणी.

त्या आठवड्यात घरात वासाचा साबण बंद, कांदा बंद, केसांना तेल बंद. एकदा मी जुन्या सवयीनं मनगटाला अत्तर लावून गेलो, तर तिनं मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "वकीलसाहेब, आधी अंघोळ. तुमच्या अत्तरानं माझी तीन पिंपं लाजली."

मेळाची मेख एकच. बाटलीतला चुकला तर मोरीत ओतता येतो. पण मोठ्या टाकीत पिंपं एकदा एकत्र झाली, की पुन्हा वेगळी होत नाहीत. नाटकात आज पडलेला प्रवेश उद्या सुधारता येतो. इथं तीन वर्षांत एकच प्रयोग.

त्या घराचा एक रिवाज होता. मेळात जे पिंप नापास होई, ते व्हिनेगरवाल्याकडे रिकामं करायचं आणि रिकाम्या पिंपाचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवायचं. वर्षभर. कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. आणि नापास कोण करणार? करणारा नव्हे. "आपला तो बाब्या" हे वडील जाणून होते. म्हणून तीन बाहेरची माणसं पत्ते खेळायला बोलवायची. प्रत्येकापुढे चार छोटे ग्लास, तळाला टेलरमास्तरांच्या डब्यातलं एकेक बटण चिकटवलेलं: काळं, पांढरं, लाल, हिरवं. कोणतं बटण कोणत्या पिंपाचं ते एकट्या अक्काला ठाऊक. ग्लासाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पत्ते खेळा, कुचाळक्या करा, तहान लागेल तसं प्या. दोन तासांनी अक्का येणार, उष्टं मोजणार. तीन जणांनी मिळून अर्ध्याच्या वर टाकलं, तर ते पिंप नापास. माणूस खेळात रंगला की हात आपोआप आवडीच्या ग्लासाकडे जातो. आहे की नाही डोकं?

आता दादांबद्दल. अक्काचे थोरले भाऊ, वरच्या मजल्यावर राहायचे. वडिलांमागं बरीच वर्षं पिंपांचा कारभार त्यांच्याकडेच होता. मी आलो त्याच्या आदल्या वर्षी ते जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची हेच त्यांचं जग झालं. खिडकीत एक कुंडी, तिच्यात जाड पानांचं, कधीच न फुलणारं एक झाड. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. ते रोज एकच विचारायचे, "माझं पिंप काय म्हणतंय?"

चौथं पिंप त्यांचं होतं. पडायच्या आधी त्यांनी स्वतःच्या हातानं भरलेलं शेवटचं. त्यात पूर्वी कुणीतरी आलुबुखाराची दारू मुरवली होती, आणि तो वास लाकडात उतरला होता. "आलुबुखाराचा वास आला, की समजायचं मीच आलो," दादा म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. हे त्यांनी मला सांगितलं. पुढं कळलं, ते सगळ्यांनाच सांगत होते.

मेळाच्या आदल्या दिवशी मी अक्काला विचारलं, "चौथं कसं आहे हो?"

ती बाटल्या विसळत होती. थांबली. "त्याबद्दल मला विचारू नका. त्याचं ठरवायला मी लायक नाही."

"तुम्ही नाही तर कोण?"

मग तिनं ती गोष्ट सांगितली. सव्वीस वर्षांची असताना तिनं पहिलं पिंप भरलं होतं. तीन वर्षं सांभाळलं. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस बाहेरगावी गेली, परत येते तो तिच्या पिंपाचं तोंड भिंतीकडे. दादांनी मेळ उरकून टाकला होता. पत्ते नाहीत, ग्लास नाहीत, माप नाही. 'बिघडलं होतं,' एवढंच म्हणाले. ती त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही. समोरासमोर जेवायला बसून आईला म्हणायची, "आई, त्याला सांग, मीठ इकडे दे."

"मग पुढं बोलायला लागलात ना?"

"लागले. आई गेली, मीठ कोण मागून देणार?" तिनं बाटली उपडी ठेवली. "पण माझ्या जिभेत तो राग अजून आहे, वकीलसाहेब. त्याचं पिंप मला गोड लागलं तरी मी म्हणेन दया आली, वाईट लागलं तरी म्हणेन सूड घेतला. रागाची चव वजा कशी करतात, ते वडिलांनी शिकवलं नाही. म्हणून तुम्ही तिघं ठरवा. त्यानं माझं मोजलं नाही, मी त्याचं मोजणार. इंचभरही अन्याय नको."

हे ऐकून मी मोठ्या गांभीर्यानं मान हलवली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माती खाल्ली.

पत्त्यांना आम्ही तिघं: मी, समोरच्या दुकानातले टेलरमास्तर, आणि निवृत्त झालेली सिस्टर, जिनं गल्लीतल्या निम्म्या लोकांना सुया टोचल्या होत्या आणि अजूनही सगळ्यांकडे त्याच नजरेनं बघायची. अक्कानं ग्लास मांडले आणि पडद्यामागे गेली. आम्ही पानं वाटली.

पहिले तीन ग्लास झकास. मधूनमधून घोट, मधूनमधून भांडण.

"मास्तर, पानं टेबलाखाली कशाला?"

"खाली पडलं होतं एक."

"दर डावाला एक्काच कसा पडतो तुमचा?"

"सिस्टर, माझी कात्री बघा, माझी पानं बघू नका."

मग मी हिरव्या बटणाचा ग्लास उचलला. आधी आला आलुबुखारा. स्पष्ट, जुन्या ओळखीच्या माणसासारखा. आणि त्याच्या मागोमाग, त्याला ढकलून पुढं आलेला दुसरा वास: नखांना लावायच्या पॉलिशचा. घोट घेतला तर घशाला चटका बसला. रंगपटात एकदा चेहऱ्याचा रंग उतरवायचं औषध मी पाण्याच्या भरवशावर प्यालो होतो, त्याची आठवण झाली.

ग्लास खाली ठेवणार, तेवढ्यात वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादा जागे होते. खाली त्यांचं पिंप मोजलं जातंय, हे त्यांना ठाऊक होतं. मी मनाशी म्हटलं, तिघांतला एक ग्लास, त्यानं असा काय फरक पडणार? बाकी दोघं प्रामाणिक आहेतच. निदान दादांना एक तरी रिकामा ग्लास मिळू दे. आणि मी तो ग्लास, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, तळापर्यंत संपवला. सांगतो तुम्हाला, एवढा चांगला अभिनय मी पैसे घेऊन कधी केला नव्हता.

दोन तासांनी अक्का आली. माप काढलं. काळं बटण: तिघांचं मिळून थोडंसं उष्टं. पांढरं: जरा जास्त. लाल: थोडंसं. मग हिरव्यापाशी आली आणि थांबली. तिन्ही ग्लास कोरडे. तिनं एकेक उपडा करून पाहिला. पाटीवर लिहिलं: शून्य, शून्य, शून्य.

मी चक्रावलो. म्हटलं, असेल बुवा, माझ्याच जिभेला काय कळतंय.

अक्का खाली बसली. "म्हणजे माझीच जीभ खोटी," ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं मी रागच चाखत होते." मग उठली, हात पुसले आणि जिना चढून वर गेली. थोड्या वेळानं दादांचा आवाज आला, मोठ्यानं, घोगरा: "पाव हिस्सा? माझा? उद्या मला तो पांढरा सदरा काढून दे."

सकाळी मी कोटाचं बटण लावून घ्यायला टेलरमास्तरांकडे गेलो. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता इकडे तिकडे पाहिलं.

"वकीलसाहेब, कुणाला सांगणार नसाल तर एक बोलू? ते हिरवं बटण."

"त्याचं काय?"

"ते मी प्यालोच नाही. एक घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. बाकीचं टेबलामागच्या अक्काच्या कुंडीत ओतलं. म्हातारा वर वाट बघत बसलाय, त्याचं उष्टं कसं टाकायचं?"

आम्ही दोघं तसेच सिस्टरकडे गेलो. ती दारातच म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं! तुमच्या तोंडांवरूनच कळतंय. हो, मी नाक दाबून औषधासारखं घेतलं. आयुष्यभर लोकांना तसं घ्यायला लावलं, म्हटलं एकदा आपणही घेऊ. मला काय माहीत तुम्हीही दया घेऊन बसलाय!"

"अक्काला सांगायला हवं," मास्तर म्हणाले.

"सांगा ना," सिस्टर म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली, की लोकांना वकील आठवतो.

मी धावलो. धावलो म्हणजे माझ्या वयात जे काही होतं ते. खोलीत पोचलो तेव्हा तीन पिंपं टाकीत उतरलेली होती. अक्कानं चौथ्यात नळी घातली होती, नळीत बिअर चढलेली होती, आणि नळीचं दुसरं टोक टाकीवर धरून ती तोंडाशी अंगठा दाबून उभी होती. अंगठा काढला की संपलं.

"अंगठा काढू नका!" मी ओरडलो. शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज, बऱ्याच वर्षांनी उपयोगी पडला.

"काय झालं? आग लागली?"

"मी खोटी साक्ष दिली."

ती अंगठा तसाच दाबून माझ्याकडे बघत राहिली. मी सगळं सांगितलं. माझं, मास्तरांचं, सिस्टरचं, कुंडीचंसुद्धा. मास्तर आणि सिस्टर एव्हाना दारात येऊन उभे होते, परीक्षेत नापास झालेल्या पोरांसारखे. अक्कानं नळीचं टोक वर उचलून खुंटीला अडकवलं. अंगठ्यावर लाल वळ उठला होता.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्यानं माझं पिंप न मोजता वाईट ठरवलं," ती म्हणाली. "तुम्ही त्याचं न मोजता चांगलं ठरवलंत. फरक काय?"



"आम्हाला वाटलं, दादांना बरं वाटेल," सिस्टर म्हणाली.

"आणि सात महिन्यांनी बाटली उघडून त्याला पहिला घोट दिला असता तेव्हा? तुम्हाला काय वाटलं, त्याची जीभपण जिन्यावरून पडली?"

तिनं पकड घेतली, चौथ्या पिंपाचा खिळा ओढला, ग्लास भरला. दुसरा ग्लास टाकीतून भरला. ट्रेवर ठेवले, शेजारी सिरिंज आणि माप. "आरोपीनं ट्रे उचलायचा," ती मला म्हणाली, आणि जिन्याकडे निघाली.

दादा पांढरा सदरा घालून बसले होते. केस पाण्यानं चापून बसवलेले. अक्कानं काही न सांगता चौथ्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि हसले, आलुबुखारा आला असणार. मग हसू तिथंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले. घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. गिळला. ग्लास खिडकीच्या कठड्यावर ठेवला, जवळजवळ भरलेला.

"कुणी म्हटलं हे चांगलं आहे?"

"तिघांनी संपवलं."

"मग तिघं गाढव आहेत."

"एक इथंच उभा आहे," अक्का म्हणाली.

दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते अक्काकडे बघत होते. "हवा शिरलीये. साय मोडली."

"कशी मोडली?"

दादा सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत म्हणाले, "पडायच्या आधी, तू बाजारात गेलीस की मी बूच काढून बघायचो. वय झालं होतं, शेवटचं आहे हे कळत होतं. रोज नाही... बरं, रोजच. नीट निजलंय ना, एवढंच बघायचो."

"खिळा होता ना?"

"खिळ्यातनं तोंड दिसत नाही."

अति तेथे माती, हे मी दहा नाटकांत म्हटलं असेन. त्या म्हाताऱ्याच्या खिडकीत ते पहिल्यांदा कळलं. अक्का त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. तिला जे विचारायचं होतं, ते तिनं इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

"माझं पहिलं पिंप. ते खरंच बिघडलं होतं?"

खाली रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"माहीत नाही," दादा म्हणाले. "मी चाखलंच नाही. बूच काढलं, वास घेतला, वेगळा वाटला. आपल्याकडे तसा वास कधी आला नव्हता. मोजायला हवं होतं. तू नव्हतीस, घाई होती... घाई कसली, कारभारी मी होतो ना तेव्हा."

"हे आता सांगतोस?"

"विचारलंस आता."

अक्कानं बराच वेळ कुंडीतल्या त्या मठ्ठ झाडाकडे पाहिलं. मग सिरिंज उचलली. "चल," ती म्हणाली, "याचं तरी नीट मोजू."

मापात टाकीतली बिअर घेतली, शंभराच्या खुणेला एक कमी. चौथ्याची एक पूर्ण केली. दोघांनी चाखली. "काही नाही," दादा म्हणाले. मग दोन. दोघांनी लगेच दुसरा घोट घेतला. मला एक घोट मिळाला, आणि काय सांगू, तीन पिंपांच्या त्या शहाण्या, जराशा सपाट मेळात मागून कुणीतरी दिवा लावावा तसं झालं. पॉलिश नाही, चटका नाही. लांबून आलेला आलुबुखारा आणि आंबटाला आलेली धार.

"तीन करून बघ," दादा म्हणाले.

तीन केलं. दादांनी घोट घेतला आणि स्वतःच ग्लास बाजूला सारला. "हावरटपणा झाला. दोन."

"दोन," अक्का म्हणाली.

"दया नाही ना?"

"राग होता तेव्हाही जीभ होती, दादा. आता नुसती जीभ आहे. शंभरात दोन. त्याच्यावर एक थेंब मागितलास तर मीठसुद्धा देणार नाही."

दादा इतके हसले, की मला त्यांना पाणी द्यावं लागलं.

पाव हिस्सा व्हायचा होता, तिथं चौथ्यातली एक छोटी बादली टाकीत गेली. बाकीचं व्हिनेगरवाला घेऊन गेला. पिंप रिकामं झालं तेव्हा दादांनी वरून ओरडून विचारलं, "तोंड?"

"बादलीभर पास झालंय," अक्का खालून म्हणाली. "अर्धवट फिरवू?"

"अर्धवट काही नसतं. भिंतीकडे!"

मी आणि मास्तरांनी ते फिरवलं. सिस्टरनं हुकूम सोडले.

बाटल्या भरल्यावर फेस धरायला सात महिने लागतात. सात महिन्यांनी पहिली बाटली उघडली, त्या दुपारी पुन्हा आम्ही तिघं टेबलाशी, पत्ते हातात. पण आता आमची पंचाईत. संपवावं तर अक्का म्हणेल दया, टाकावं तर म्हणेल ढोंग. मास्तर घोट घेऊन ग्लास माझ्याशी ताडून बघत, सिस्टर मास्तरांशी. अक्कानं आमचं उष्टं मोजलंच नाही. "तुम्ही तिघं बाद," ती म्हणाली. "साक्षीदार फुटलेले आहेत." तेव्हापासून ग्लास विसळायचं काम माझ्याकडे आलं ते कायमचं.

तिनं एक ग्लास भरून वर दादांना नेऊन दिला आणि खाली येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. पदर बोटाला गुंडाळायची, सोडायची. तिची ही घालमेल मला ओळखीची होती. तिसरी घंटा होऊन पडदा उघडायच्या आधी विंगेत मी ती हजारदा पाहिली आहे. तासाभरानं वरून काठी आपटल्याचा आवाज आला. अक्का वर गेली, मी मागोमाग.

ग्लास कठड्यावर होता. कोरडा ठणठणीत.

दादा खिडकीबाहेर बघत होते, अगदी साळसूद.

अक्कानं ग्लास उचलून उजेडात धरला, उपडा केला. मग माप न काढता खिडकीशी गेली आणि कुंडीच्या मातीत मधलं बोट खोलवर खुपसलं. बाहेर काढलं, वास घेतला, दुसरीकडे पुन्हा खुपसलं.

माती कोरडी होती. दोन दिवस तरी कुणी पाणी घातलं नसावं.

तिनं बोट पदराला पुसलं, दादांच्या शेजारचं स्टूल ओढलं आणि खाली बसली. "झाडाला पाणी घालत जा की," ती म्हणाली.

"उद्यापासून," दादा म्हणाले. "अजून आहे का बाटलीत?"